केरू घोलपची चढाई

केरू घोलप हा रग्बीचा प्रोफेशनल विंगर होता असं कुणी सांगितलं, तर वाळव्याकडची माणसं आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतात. घ्या म्हणावं. केरूच्या जुन्या पासपोर्टात अबुधाबीचा व्हिजा चिकटवलेला आहे, त्यावर व्यवसायापुढे अरबीत ‘लाइब’ असं छापलंय, आणि लाइब म्हणजे खेळाडू. त्याच्या टीममध्ये इंजिनियर होते, सर्व्हेयर होते, एक बँकेचा मॅनेजर होता. ते सगळे आठवडाभर दुसरं काहीतरी करून शुक्रवारी हौसेखातर खेळणारे. खेळण्यासाठी व्हिजा दिलेला माणूस एकच, केरू. तेव्हा प्रोफेशनल कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सत्त्याण्णव सालापर्यंत त्याच जागी ‘हेल्पर’ असा शब्द होता आणि त्या शब्दाने केरूचा संसार अडवून धरला होता. हेल्परच्या व्हिजावर बायको आणता यायची नाही. कावेरी गावाकडे, आणि केरू मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात आठ जणांच्या खोलीत. दिवसभर सळया बांधायच्या, रात्री खालच्या बंकवर पडून वरच्या बंकवरच्या माणसाचं घोरणं ऐकायचं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण नांदणं म्हणाल तर रजेपुरतं. रजेतले पहिले काही दिवस एकमेकांची नव्याने ओळख करून घेण्यात जायचे, शेवटचे रुसण्यात, आणि मधे जे उरायचं त्यात लोक सेंटच्या बाटल्या मागायला यायचे.

निघायच्या दिवशी कावेरी एस.टी.पर्यंत पोचवायला यायची. आपल्याकडे जाणाऱ्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतात. तीही डोळे पुसत ‘या’ म्हणायची आणि केरू पाय ओढत गाडीत चढायचा. दरवेळी त्याला वाटायचं, गाडी हलायच्या आत उडी मारावी आणि मागे पळावं. पळाला मात्र कधीच नाही.

केरूच्या कंपनीचा कन्स्ट्रक्शन मॅनेजर हॉगार्थ नावाचा इंग्रज होता. तरुणपणी यॉर्कशायरमध्ये तो पगारावर रग्बी लीग खेळलेला, विंगर म्हणून. नाक मोडून एका बाजूला गेलेलं, एक कान चेपून भज्यासारखा झालेला, आणि या दोन्हींचा त्याला विलक्षण अभिमान. अबुधाबीत येऊन त्याने चार कंपन्यांच्या साहेबांना पटवून आपली एक लीग चालू केली होती. त्याच्या मते रग्बीचे प्रकार दोन. एक सभ्य लोकांचा आणि एक खरा. खऱ्यात तेरा-तेरा माणसं असतात. लांबट बॉल पोटाशी धरून समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे न्यायचा आणि जमिनीला टेकवायचा, त्याला ट्राय म्हणतात, त्याचे चार पॉइंट. बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्याकडेच द्यायचा. समोरच्यांनी सहादा पाडलं की बॉल त्यांचा. आणि मैदानाच्या दोन्ही कडांना वारं प्यालेला एकेक गडी उभा असतो, तो विंगर.

त्या हिवाळ्यात ऐन सीझनच्या तोंडावर हॉगार्थच्या विंगरची सिंगापूरला बदली झाली. साहेबाची झोप उडाली. अशा अवस्थेत तो एका शुक्रवारी पाण्याच्या टाकीची तक्रार बघायला कॅम्पात आला, आणि टाकीमागे वाळूवर आखलेल्या पट्टीत कबड्डी चालली होती.

केरू चढाईला निघाला होता. अंगाने किडकिडीत, पण पाय असे की नजर ठरू नये. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत तो आत शिरला, कोपऱ्यातल्याला हात लावला, आणि सातही जण अंगावर पडले. त्या ढिगातून कुठून कसा कोण जाणे, पण केरू सुटला आणि मध्यरेषा ओलांडून आपल्या अंगणात येऊन उभा राहिला. दम अजून चालूच होता. हॉगार्थ टाकी विसरला.

“हा कोण?” त्याने शेजारच्या तय्यबला विचारलं.

तय्यब मुकादम हा कंपनीचा पी.आर.ओ., म्हणजे व्हिजाच्या कामासाठी सरकारी ऑफिसांच्या फेऱ्या मारणारा माणूस. मूळचा रत्नागिरीकडचा, वाढलेला अबुधाबीत, आई मरियमबीबरोबर फ्लॅटमध्ये राहणारा. अरबीत अर्ज लिहायचा, हिंदीत दम द्यायचा, इंग्रजीत माफी मागायचा आणि मराठीत मनातलं बोलायचा.

“सर, ही इज केरू. स्टील फिक्सिंग हेल्पर.”

“आजपासून तो माझा विंगर.”

तय्यबचं डोकं व्हिजाच्याच दिशेने चालायचं. त्याने तिथल्या तिथे डाव टाकला. “सर, हेल्परला ड्यूटीच्या टायमात प्रॅक्टिसला सोडलं तर फोरमन बोंब मारेल. त्यापेक्षा त्याचं प्रोफेशनच बदलू. लाइब. मी करून आणतो.”

मालक फहद, ज्याला सगळे अरबाब म्हणत, तो हसला खरा, पण व्यापारी माणूस. म्हणाला, “एक सीझन बघू. फायनल झाल्यावर हॉगार्थने याला ठेवतो म्हटलं तर लाइब पक्का, पगारही त्या मानाचा, हवं तर बायकोचा व्हिजा काढ. नको म्हटलं तर परत हेल्पर. खलास.”

“ऐकलंत ना, केरूभाऊ?” तय्यब बाहेर येऊन म्हणाला. “सीझनभर टीममध्ये टिकायचं. इन्शाल्ला, वहिनी कायमच्या इकडे.”

“पर खेळायचं काय हाय?” केरूने विचारलं.

“कबड्डीसारखंच आहे. फक्त हातात बॉल असतो.”

या एका वाक्याने पुढचा सगळा घोटाळा केला.

पहिली मॅच होती दुबईच्या देऱ्यातल्या एका कंपनीशी. केरूला बूट दिले होते, तीनशे दिरहमचे, म्हणजे तीन हजार रुपयांचे, हे तय्यबने मोठ्याने सांगितल्यापासून ते मातीला लावायला केरूचं मन होईना. पण बॉल हातात आला आणि तो सुटला. ओठांत ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. एकाला डावीकडून गुंगारा, दुसऱ्याच्या काखेखालून बाहेर, तिसरा नुसता बघत राहिला. हॉगार्थ कडेने पळत ओरडत होता. आता समोर एकच माणूस उरला होता, सगळ्यात मागचा, दारासारखा रुंद. केरूने जाऊन त्याच्या छातीवर टप्पकन हात मारला.

आणि गर्रकन वळला.

आता इथे केरूला हसण्यात अर्थ नाही. ज्याला कळायला लागल्यापासून शिकवलंय की शिवायचं आणि घरी यायचं, त्याने दुसरं काय करावं? गडी कितीही मारा, आपल्या अंगणात परत आला नाहीत तर सगळं फुकट. केरू जिवाच्या आकांताने आपल्याच रेषेकडे पळत सुटला. समोरची टीम थबकली. मग त्याच्याच टीमचे लोक त्याला धरायला धावले, आणि तो त्यांनाही चकवून निघाला. बँकेचा मॅनेजर तोंडावर आपटला. केरूने आपल्याच रेषेपलीकडे जाऊन बॉल टेकवला, दम सोडला, हात वर केला आणि पंचाकडे बघून विचारलं, “किती पॉइंट?”

पंचाने शिट्टी तोंडातून काढली, पुन्हा घातली, आणि बॉल समोरच्यांना देऊन टाकला. दोन मिनिटांत त्यांनी ट्राय केला.

हॉगार्थ बराच वेळ बोलत होता. त्याच्या मानेची शीर फुगली होती, थुंकी उडत होती, आणि मधूनमधून तो आकाशाकडेही बोट दाखवत होता. ते सगळं ऐकून घेऊन तय्यब केरूकडे वळला.

“साहेब म्हणतात, पुढच्या वेळी जरा पुढे जा.”

“एवढंच म्हणले?”

“थोडक्यात एवढंच.”

केरूला कळलं नाही असं नव्हतं. डोक्याला पहिल्याच दिवशी कळलं. पण पाय डोक्याचं ऐकेनात. माणसाला हात लागला की वळायचं, हे त्यांना पाठ होतं. हॉगार्थने कॅम्पामागे रोज संध्याकाळी सराव घेतला. सिमेंटच्या गोण्या उभ्या केल्या, केरूने गोण्यांना शिवून पुढे पळायचं. गोण्यांच्या बाबतीत केरू एकदाही चुकला नाही. माणूस समोर आला की मात्र परत फिरलाच.

त्याला टीमबाहेर काढलं नाही, कारण त्याची पकड. सहा फुटी गोरा बॉल घेऊन धाडधाड येत असला की इंजिनियर मंडळी त्याच्या खांद्याला झोंबायची आणि फरफटत जायची. केरू घोटा धरायचा. धरला की माणूस आडवा. त्याच्या पकडींच्या जिवावर टीम फायनलला पोचली. पण हॉगार्थ हा जन्माचा विंगर, आणि विंगरने ट्राय करायचा नाही म्हणजे त्याच्या दृष्टीने देवळात जाऊन चपला सांभाळण्यासारखं. फायनल फुजैराच्या बंदरवाल्यांशी होती. त्याने तय्यबला स्वच्छ सांगितलं की केरूला फायनलला खेळवतो, पण पुन्हा तसा उलटा पळाला तर तो गेला हेल्परमध्ये. या वेळी तय्यबने भाषांतरात एक शब्दही गाळला नाही.

केरूच्या तोंडचं पाणी पळालं. कारण कावेरी आली होती.

तय्यबनेच घाई करून एका ट्रॅव्हल एजंटाकडून तिचा व्हिजिट व्हिजा काढला होता. तो संपायला आला होता. ती मरियमबीच्या फ्लॅटवर राहायची, तिला भाकरी करून घालायची, आणि मरियमबी तिला माशाचं कालवण शिकवायची. केरू सुट्टीच्या संध्याकाळी जाऊन बसायचा. चार जणांत बसून चहा प्यायचा आणि परत कॅम्पात यायचं, असा तो संसार. तरी केरूला तो आवडत होता. बायको स्वयंपाकघरात भांडी आपटतेय, हा आवाज त्याने इतके दिवस सलग कधी ऐकलाच नव्हता.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळं सांगून टाकलं. कावेरीने पदर खोचला. ती स्वतः शाळेकडून तालुक्याला कबड्डी खेळलेली.

“म्हंजे शिवल्यावर पाय घराकडं वळत्यात, येवढंच न्हवं?”

“व्हय. काय करू? आपोआप वळत्यात.”

“मग वळू द्या की. घर तिकडं हलवू.”

“कुठं?”

“त्यांच्या रेषेमागं मी बसती. हिरवं लुगडं नेसती, लांबनं दिसंल असं. तुमी गड्याला शिवा आनि घरला या. बॉल घेऊन या म्हंजे झालं.”

तय्यबने बशीतला चहा बशीतच ठेवला. “वहिनी, हे साहेबाला दोन महिन्यांत सुचलं नाही.”

“त्यास्नी घर सोडून कुटं जावं लागलंय?” कावेरी म्हणाली.

शुक्रवारी मैदानावर चांगलीच गर्दी होती. उत्तरेकडच्या रेषेमागे मरियमबीने चटई टाकली, तिच्याशेजारी पोपटी लुगड्यात कावेरी. केरूच्या टीमला आधी उत्तरेकडेच चढायचं होतं. पंधरा-वीस मिनिटं तो नुसता घोटे धरत होता. मग बॉल आला. दोघांना चुकवून तो मागच्या धिप्पाड गड्यापाशी पोचला, त्याच्या खांद्याला हात लावला, आणि हॉगार्थने डोळे मिटून घेतले.

केरूने मान वर केली. समोर पोपटी रंग. पायांना घर सापडलं. तो त्या गड्याला वळसा घालून असा निघाला की जणू एस.टी.तून खरंच उडी मारलीय. रेषेपलीकडे कावेरीच्या चटईपासून दोन हातांवर त्याने बॉल टेकवला आणि विचारलं, “बराबर?”

“बराबर. पळा आता, लोक बघत्यात,” ती लाजून म्हणाली.

अर्धा वेळ संपायच्या आत त्याने आणखी एक ट्राय केला. हॉगार्थने टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर नाच केला. तय्यब ज्याला त्याला सांगत सुटला, “हमारा लाइब है, व्हिजा मैंने निकाला!”

पण कबड्डीत मध्यंतरानंतर अंगणं बदलतात, तशी रग्बीतही बदलतात. हे कावेरीला ठाऊक होतं. शिट्टी झाली तशी ती उठली, पदर सारखा केला आणि दक्षिणेकडच्या टोकाला निघाली. तिथेच उत्तरेच्या रेषेमागे एक पांढरी लँड क्रूझर उभी होती. तिच्या सावलीत गालिचा पसरला होता आणि त्यावर अरबाबची आई खतीजा बसली होती. दोन ट्राय करणाऱ्याची ही बायको, हे तिच्या कानावर गेलं होतं. तिने कावेरीला हाताने बोलावलं. बोलावणारी मालकाची आई, वयाने मोठी, आणि हसतमुख. नाही कसं म्हणायचं? कावेरी टेकली.

मोलकरणीने चोचीच्या पितळी किटलीतून छोट्या कपात गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला. दूध नाही, साखर नाही, वर वेलचीचा वास. कावेरीने मोठ्या माणसांपुढे ठेवायचा तसा मान ठेवून तो संपवला आणि कप पुढे केला. कप भरला गेला. तिला वाटलं, आग्रह करतायत. तोही संपवला. पुन्हा भरला गेला.

तिकडची रीत अशी आहे की पुरे झालं की रिकामा कप बोटांत धरून जरासा हलवायचा. हलवला नाही तर ओतणारीने ओतत राहायचं. आणि आपली रीत अशी की वाढलेलं टाकून पानावरून उठायचं नाही. या दोन रीतींच्या मधे कावेरी सापडली. ती घाईघाईने पीत होती, मोलकरीण तितक्याच घाईने ओतत होती, आणि खतीजा कौतुकाने म्हणत होती की या बाईला आपला गाहवा फारच आवडलेला दिसतो.

इकडे खेळ सुरू झाला. केरूची आता उलट दिशा, दक्षिणेकडे चढायचं. त्याने दक्षिणेकडे पाहिलं. पोपटी रंग नाही. येईल म्हणून वाट पाहिली. तेवढ्यात बॉल आला, तो पळाला, शिवला, आणि पाय घर शोधायला लागले. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि थेट मागे, आपल्याच रेषेमागे, लँड क्रूझरच्या सावलीत पोपटी रंग दिसला.

झालं. केरू वळला. आपल्या लोकांना हुलकावण्या देत उत्तरेला पोचला आणि गालिच्यासमोर बॉल टेकवून हसला. कावेरीच्या हातात भरलेला कप होता. तिने दुसरा हात तोंडावर धरला. केरूचं हसू तिथेच विरलं. अरबाबच्या आईने टाळ्या वाजवल्या, कारण तिला वाटलं हाही ट्रायच.

त्या एका चुकीवर फुजैरावाल्यांनी बॉल मिळवून आणखी एक ट्राय केला आणि दोन पॉइंटनी पुढे गेले.

हॉगार्थने ओरडणंसुद्धा सोडून दिलं. तो नुसता केरूला बाहेर घ्यायची खूण करायला लागला, पण बदली खेळाडू दोघेही आधीच लंगडत बसले होते, म्हणून केरू आत राहिला. तय्यबने कपाळाला हात लावला. कावेरीला आणायला तो धावला, पण पन्नास पावलांवर थबकला. मालकाच्या घरच्या बायका बसलेल्या, तिथे परक्या पुरुषाने जायचं नसतं. लांबूनच तो हातवारे करायला लागला. कावेरीला वाटलं, आपल्याला सावकाश पी म्हणतोय. शेवटी त्याने चटईवर पेंगलेल्या आपल्या आईला हलवून उठवलं. मरियमबीला रीत ठाऊक होती, पण तिचे गुडघे तिच्या मर्जीने चालत. ती ‘या अल्ला’ म्हणत उठली आणि गालिच्याकडे निघाली. तिचं ते निघणं बघून तय्यबला रडू यायचंच बाकी राहिलं.

केरूला आता लाज, राग, भीती सगळंच एकदम वाटत होतं. पहिल्या अर्ध्यात सगळं किती सोपं होतं. पुढे बायको, पुढे पळायचं. आता पुढे काहीच नाही, मोकळी रेषा आणि तिच्यामागे जाळीचं कुंपण. जे हवं ते सगळं मागे. आणि हे तर त्याला नवीन नव्हतंच. दर रजेनंतर हेच व्हायचं.

शेवटची मिनिटं उरली होती. बँकेच्या मॅनेजरने पडता पडता बॉल मागे दिला, तो केरूच्या हातात आला. केरू कडेने निघाला. एकाला टाकलं. दुसरा अंगावर आला, त्याच्या छातीवर तळवा लागला.

पाय वळले. पुरता उलटा झाला तो. मैदानाच्या त्या टोकाला कावेरी दिसली.

आणि कावेरी उभी राहिली. हातातला कप तसाच, गाहवा मनगटावर सांडला, लुगड्यावर सांडला, मालकाची आई बघतेय याचं भान नाही. आजवर ज्या माणसाला तिने प्रत्येक निरोपाला ‘या’ म्हटलं होतं, त्याच्याकडे बघून ती सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी किंचाळली.

“जावा! हिकडं येऊ नगासा! जावा तिकडं!”

केरूला आतून हिसका बसला. बायकोने त्याला कधी जा म्हटलं नव्हतं. एस.टी.च्या खिडकीतून दिसणारा तिचा चेहरा त्याला आठवला, आणि एकदम कळलं की इतकी वर्षं तो तिच्यापासून लांब गेला तो तिला तिथेच ठेवून. आज लांब जायचं ते तिला इथे ठेवायला. तो फिरला. पाय कुरकुरले, पण फिरले. ‘कबड्डी कबड्डी’ ओठांतून मोठ्याने फुटलं. अंगावर आलेल्या तिसऱ्याला खांद्याने लोटलं, चौथ्याने शर्ट धरला तो फाटून त्याच्याच हातात राहिला, आणि केरू घोलप उघड्या पाठीने बायकोपासून जितकं लांब पळता येईल तितकं लांब पळाला. रेषा ओलांडली. बॉल टेकवला.

पंचाने हात वर केला. ट्राय. पाठोपाठ लांब शिट्टी, मॅच संपली. हॉगार्थ गुडघ्यांवर बसून रडायला लागला, आणि त्याचं वाकडं नाक आणखी वाकडं झालं. टीम केरूला उचलायला धावली.

केरू तिथे होता कुठे? तो उठला होता आणि परत निघाला होता. बॉल तिथेच टाकून, इंजिनियरांना, सर्व्हेयरांना, मिठी मारायला आलेल्या हॉगार्थला हुलकावणी देत तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटला. दम अजून सोडला नव्हता. चेहरा लालबुंद झाला होता, आवाज घोगरा झाला होता, पण ‘कबड्डी कबड्डी’ चालूच. तय्यबला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. “केरूभाऊ, खलास! जिंकलो आपण!” तो ओरडत होता. केरू थांबला नाही. आपल्या रेषेवर पोचला, ती ओलांडली, कावेरीच्या पायांजवळ जमिनीला हात लावला आणि मगच धापा टाकत श्वास घेतला.

“आता झाली चढाई पुरी,” कावेरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवत नव्हती.

अरबाब फहद तिथे आला. त्याने आधी हॉगार्थकडे पाहिलं. हॉगार्थने जोरजोरात होकाराची मान डोलावली. मग अरबाबने तय्यबला विचारलं, हा परत इकडे का पळाला? तय्यबने या वेळी काहीही गाळलं नाही, घातलंही नाही. म्हणाला, “त्याच्या खेळात घरी पोचल्याशिवाय पॉइंट धरत नाहीत.”

अरबाबने ते आईला अरबीत सांगितलं. खतीजाने केरूच्या उघड्या, मातीने भरलेल्या पाठीकडे पाहिलं. मग मुलाशी दोन शब्द बोलली. तय्यबचा चेहरा उजळला.

“काय म्हणल्या?” केरूने विचारलं.

“म्हणाल्या, याच्या बायकोचा व्हिजा उद्याच काढ.”

तेवढ्यात मरियमबी गुडघे धरत, धापा टाकत गालिच्यापाशी येऊन पोचली. मोलकरीण कावेरीचा कप पुन्हा भरत होती.

“बाय गो, हालव तो कप! हालव! नायतर ह्या तुला संध्याकाळपर्यंत पाजत रवतील!”

कावेरीने हातातल्या कपाकडे पाहिलं, मग धापा टाकणाऱ्या नवऱ्याकडे. आणि कप न हलवता तशीच खाली बसली.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “आता कुटं जायाचंय मला?”